दारवाल्याच्या हलक्या पेट्या

माझा मोठा भाऊ दरवाजे करतो. कुणाच्या घरी गेलो की मी माणसांना भेटते, दादा आधी दाराला भेटतो. दार दोनदा उघडतो, दोनदा लावतो, बिजागरीकडे वाकून बघतो आणि मगच उंबरा ओलांडतो. दार लागताना भरदार आवाज आला तर त्या घरातली माणसं त्याच्या मते चांगली. आवाज पोकळ आला, तर यजमानांनी कितीही आग्रह केला तरी साहेब चहा अर्धा ठेवून उठतात. गल्लीत त्याला सगळे दारवाले म्हणतात. त्याला खिडकी करायला सांगितली तरी ती दाराएवढी जाड होते, हेही गल्लीला माहीत आहे.

आमचे वडील हेच काम करायचे. साग, शिसव, फार तर बाभूळ, एवढीच लाकडं त्या दोघांच्या हिशेबात लाकडं होती. बाकीचं सगळं खोकी करायला. हलक्या लाकडाचा विषय निघाला की दादा नाक मुरडायचा आणि म्हणायचा, "फळं भरून पाठवायला ठीक आहे." मी त्याच घरात वरच्या खोलीत राहते आणि दाताच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणते आणि घरी आले की माझंच तोंड उघडं असतं, असं दादाचं म्हणणं. मला तो टकळी म्हणतो. म्हणो बापडा. टकळी चालू होती म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

मधमाश्या घरात आल्या त्या वहिनीमुळे. कुणाच्या तरी भिडेखातर दादाने एक कपाट करायला घेतलं होतं आणि ते अर्धवट पडून होतं. एका दुपारी त्यात मोहोळ येऊन बसलं. कारखान्यातले कारागीर हातातलं टाकून पळाले, आणि सगळ्यांत पुढे मालक. वहिनी नेमकी डबा घेऊन आली होती. ती पळाली नाही. पाट ओढून कपाटासमोर बसली आणि संध्याकाळपर्यंत बघत राहिली. लांबून दादा ओरडत होता, "अगं, चावतील!" तर ही म्हणते, "त्या घर शोधतायत हो, आपल्याकडे कुठे लक्ष आहे त्यांचं."

शहराबाहेर पेट्या ठेवणारे एक मधवाले काका होते. त्यांनी येऊन ते मोहोळ कपाटातून काढून पेटीत बसवलं. वहिनी त्यांच्याकडे जाऊन जाऊन सगळं शिकली: धूर कसा द्यायचा, पोळ्याची चौकट कशी उचलायची, राणीमाशी कशी ओळखायची. दादाही एकदा गेला, पेटीची मापं घेऊन आला, आणि घरी येऊन ती पेटी त्याने दाराच्या पद्धतीने केली. दीड बोट जाड सागाची फळी. कोपऱ्यांना एकमेकांत घुसणारे दातेरी सांधे, असे की वरून हत्ती गेला तरी निसटणार नाहीत. वहिनीने पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही आपल्यापेक्षा जास्त जगेल." दादा कितीतरी दिवस हवेत होता. मग त्याने आणखी पेट्या केल्या, सगळ्या तशाच.

घरामागे कालव्याकडे उतरत जाणारी मोकळी जागा आहे. तिथे वहिनीचं राज्य. पेटी म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन मजले. खालच्यात माश्यांची पिल्लं आणि राणी, वरच्यात मध. खालचं बघायचं तर वरचा मजला उचलून बाजूला ठेवावा लागतो, आणि उन्हाळा लागला की अख्खी पेटी, एकेक मजला करून, सावलीच्या भिंतीकडे न्यावी लागते. वहिनी हे सगळं एकटी करायची. वर्षानुवर्षं.

एका सकाळी ती वरचा मजला उचलायला वाकली आणि तशीच राहिली. आरडाओरडा काही नाही. खालून शांतपणे हाक मारली, "अगं, जरा खाली येतेस का? मला सरळ होता येत नाहीये." मी आणि दादाने तिला तशीच वाकलेली रिक्षात घातली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि दादाचा तिच्याहून पांढरा.

मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण विश्रांती. आणि भरलेली बादली आता आयुष्यात उचलायची नाही. काही महिन्यांनी अर्धी चालेल, तीही गुडघ्यात वाकून."

"आणि मधाची पेटी?" वहिनीने विचारलं.

"किती वजन असतं?"

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा सवयीने, छाती पुढे काढून म्हणाला, "चांगली वजनदार आहे." आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

वहिनीने अंथरुणातूनच मधवाल्या काकांना फोन केला. फुलोरा संपला की सगळ्या पेट्या घेऊन जा, म्हणाली. काकांनी खूप वाईट वाटून घेतलं, पण हो म्हणाले. त्या दिवसापासून ती मागच्या खिडकीकडे पाठ करून झोपायला लागली. दादा म्हणाला, "मी उचलत जाईन ना पेट्या." ती हसली. "तुम्ही? माशी दिसली की टोपली डोक्यावर घेता तुम्ही. आणि दुसऱ्याने उचलून दिलेल्या पेटीत मी नुसतं डोकवायचं? मग ते माझं काम कुठे राहिलं? त्यापेक्षा नकोच." हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला दादाचाच राग आला. ह्या बाईला दुसरं वेड नव्हतं. ना दागिने, ना नटणं. ह्या माश्या तेवढ्या होत्या.

त्या रागात मी दादाला गाठलं. "दादा, माश्या जड नाहीत. तुझ्या पेट्या जड आहेत."

तो मागे गेला, एक रिकामी पेटी उचलली, थोडा वेळ हातात धरून उभा राहिला आणि खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाला, "चल वखारीत. तूच सुरुवात केलीयेस."

वखारवाल्याला सगळे फुंकर म्हणतात, कारण तो इतका बारीक आहे की मारली तर उडेल. दादाने त्याच्याकडे हलकं लाकूड मागितलं तेव्हा त्याने कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"बरं वाटत नाहीये का तुला?"

मग त्याने मागच्या बाजूला नेऊन एक फळी दाखवली. फिक्कट, किंचित पिवळसर, अंगावर फारशी नक्षी नसलेली. "शिवणीच्या झाडाची," म्हणाला. दादाने सागाच्या हिशेबाने जोर लावून ती उचलली आणि ती थेट त्याच्या हनुवटीवर येऊन आदळली. मी हसले. फुंकरही हसला. दादाने हनुवटी चोळत फळीवर नख मारलं. ओरखडा उठला.

"हे बघ. नखाला ऐकतंय."

"ऐकू दे. तरी आमच्या धंद्यात हे हार्डवुडच."

"हे? हार्डवुड?"

"रुंद पानांच्या झाडाचं ते हार्डवुड, सुईसारख्या पानांच्या झाडाचं ते सॉफ्टवुड. झाडावरून नाव पडतं, वजनावरून नाही. तुझा साग आणि हे एकाच रांगेत बसतात."

दादाला ते अजिबात आवडलं नाही. फुंकरने मात्र पुढे चालूच ठेवलं. हे लाकूड एकदा नीट वाळलं की जागा सोडत नाही. ऊन लागो, दमट हवा लागो, फुगत नाही, पिळवटत नाही. म्हणून वाद्यं करणारे नेतात, चित्रांच्या चौकटी करणारे नेतात, लाकडी पाय करणारेसुद्धा नेतात. "सागापेक्षा हलकं तर आहेच. पण खरी गंमत ही की फळी पातळ काढलीस तरी सरळ राहते. निम्मं वजन तिथेच जातं."

दादाचा लोकांच्या बोलण्यावर विश्वास नाही. त्याने पातळ फळी कापून रात्रभर टाकीत बुडवून ठेवली, दिवसभर पत्र्यावर तापत ठेवली, पुन्हा बुडवली, पुन्हा तापवली. दर वेळी तिच्यावर लोखंडी पट्टी ठेवायचा, एक डोळा मिटायचा आणि पट्टीखालून उजेड दिसतो का बघायचा. मी विचारलं, "काय?" तर म्हणाला, "सरळ आहे." आरोप केल्यासारखं म्हणाला.

मग काम सुरू झालं आणि त्याची खोड मोडली. हलकं लाकूड म्हणजे सोपं लाकूड अशी त्याची समजूत होती. पहिल्याच सांध्यात पटाशी मारली तर धागे कापले जायच्या ऐवजी चेचले गेले. दुसऱ्या सांध्यात हातोडीचा घाव सागाच्या जोराचा पडला आणि पटाशी पार पलीकडे निघाली. साग थोडी बोथट पटाशी चालवून घेतो. ह्या लाकडाला ती चालत नाही, धार अशी लागते की हातावरचे केस निघाले पाहिजेत. दादा अख्खी दुपार धार लावत बसला. संध्याकाळी सांधा बसला तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "नाटकी आहे, पण गुणी आहे."

तोवर वहिनी थोडी उठून बसायला लागली होती. मी तिला सगळा वृत्तांत देत होते. ती ऐकून घ्यायची. एके दिवशी म्हणाली, "त्यांना विचार, लाकूड हलकं केलंत, मध हलका कसा करणार?"

मी खाली जाऊन विचारलं. दादाने कपाळाला हात लावला. खरंच की. भरलेल्या पेटीत लाकडापेक्षा मधाचंच वजन जास्त. मग त्याने वरच्या, मधाच्या मजल्याची उंची निम्मी केली आणि दोन्ही मजल्यांची रुंदीही कमी केली. अंगणात सुतारकामाच्या लाकडी घोडीवर एक लांब फळी आडवी टाकली, एका टोकाला अर्धी बादली पाणी टांगलं आणि दुसऱ्या टोकाला तो छोटा मजला, आत मधाच्या जागी वाळूच्या पिशव्या. मजल्याचं टोक वर उचललं गेलं तसा तो लहान मुलासारखा ओरडला, "अगं, इकडे बघ! खिडकीत ये!" वहिनी भिंतीला धरून धरून खिडकीपाशी आली. तिने इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मागच्या जागेकडे पाहिलं.

इथे सगळं ठीक व्हायला हवं होतं. पण दादा पडला दारवाला. उघडं लाकूड गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे त्याला अर्ध्या कपड्यांत घराबाहेर पडल्यासारखं वाटतं. सागाच्या पेट्यांना त्याने आतून काही लावलं नव्हतं, कारण सागाला स्वतःचं तेल असतं. पण हे बिचारं फिक्कट, नखाला ऐकणारं लाकूड! ह्याला ओल लागली तर? म्हणून त्याने बाहेरून लावलं तसं आतूनही लावलं. तेल, त्यावर रोगण, त्यावर आणखी एक हात. पेटी आतून आरशासारखी चकाकत होती. कुणाला विचारलं नाही, कारण अशा गोष्टी विचारायच्या असतात हेच त्याला ठाऊक नव्हतं.

माश्या हलवायचं काम त्यालाच करावं लागलं. वहिनी खुर्चीत बसून सांगत होती आणि दादा जाळीची टोपी, दोन शर्ट आणि माझे पावसाळी बूट घालून चौकटी एकेक करून नव्या पेटीत ठेवत होता. वहिनीने सगळ्यांत जुनी वसाहत निवडली होती, त्या कपाटातल्या मोहोळाचा वंश. "हळू. श्वास सोडू नका त्यांच्यावर. अहो, डोळे उघडे ठेवा!" काम झालं तेव्हा दादाच्या कानाला एक डंख होता आणि चेहऱ्यावर मोठं हसू होतं.

सकाळी मी दात घासत खिडकीत आले आणि माझ्या तोंडचा फेस तसाच राहिला. माश्या पेटीच्या आत थांबत नव्हत्या. जवळजवळ सगळ्या बाहेर, पेटीच्या तोंडाशी दाढीसारख्या लोंबत होत्या. वहिनी खाली येऊन उभी होती, एक हात कमरेवर.

"आता ह्या उडून जाणार," ती म्हणाली. "उन्हं वर आली की जाणार."

दादा धावत आला. वहिनीने वाकता येत नव्हतं म्हणून पेटीच्या तोंडाशी हात नेऊन तो नाकाशी धरला. "आतून काय लावलंत?"

दादाने सांगितलं. अगदी तपशिलात सांगितलं, किती हात, कुठलं रोगण. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. मला वाटलं वहिनी आता चिडेल. ती म्हणाली, "ह्या वासात त्या राहायच्या नाहीत. जुनी पेटी आणा. पटकन."

त्या दिवशी दादाने टोपी घातली नाही, बूट घातले नाहीत, बनियनवर धावला. जुनी सागाची पेटी एकट्याने उचलून आणली. राणी कुठल्या चौकटीवर आहे ते वहिनीने बोट करून दाखवलं आणि त्याने ती चौकट दोन्ही हातांनी अलगद सागाच्या पेटीत सोडली. मग आम्ही तिघं भिंतीला टेकून बसलो. ऊन वर येत होतं. त्या लोंबणाऱ्या दाढीतून थोड्या माश्या आत गेल्या, मग आणखी थोड्या, आणि मग रांगच लागली. शेवटची झुंबड आत शिरली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दादाचं तोंड डंखांनी इतकं सुजलं होतं की त्याला काही म्हणायचं असतं तरी जमलं नसतं.

तो दुसरी पेटी करायला बसला. आतून कोरी. बाहेरून तेल, आत काहीच नाही. पेटी घेऊन तो कितीदा तरी दारापर्यंत आला आणि मागे फिरला. वहिनीला म्हणाला, "आतून उघडी आहे गं. बघवत नाही." ती म्हणाली, "त्या करतील त्यांचं त्या." आणि खरंच, कोऱ्या पेटीत माश्या गेल्या त्या राहिल्या. महिनाभराने वहिनीने दादाला झाकण उघडायला लावलं. आतल्या भिंतींवर सगळीकडे झाडांच्या डिंकाचा पातळ, तांबूस थर होता. माश्यांनी चाटून पुसून बसवलेला. दादा टोपीच्या जाळीला नाक लावून बघत राहिला. "एकही फुगा नाही," तो म्हणाला. "एकही ओघळ नाही. कुणी शिकवलं ह्यांना?" त्या दिवसापासून तो माश्यांबद्दल कारागिरांबद्दल बोलावं तसं बोलतो.

एकेक करून सगळ्या वसाहती नव्या पेट्यांत गेल्या. डॉक्टरांनी अर्ध्या बादलीची परवानगी दिली. पण वहिनी पेटीला हात लावत नव्हती. विचारलं की म्हणायची, "बघू." ती घाबरली होती, आणि तिला तसं म्हणताही येत नव्हतं. काकांना येऊ नका म्हणून तिने फोनही केला नाही.

फुलोरा संपला आणि काका टेम्पो घेऊन दारात उभे राहिले. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. बोलायची हिंमत दोघांनाही होईना, आणि मला होत नाही म्हणजे बघा.

वहिनी पदर खोचून मागे आली. "काका, जरा थांबा," म्हणाली. "एक पेटी मी उचलून बघते. जमलं तर राहू देत. नाही जमलं तर सगळ्या न्या, मी एक शब्द बोलणार नाही."

तिने सगळ्यांत जुन्या वसाहतीच्या पेटीचा वरचा मजला निवडला. मधाने भरलेला होता. गुडघ्यात वाकली, डॉक्टरांनी शिकवलं होतं तशी. दादा तिच्या मागे दोन्ही हात पसरून उभा, आणि तिने न बघताच सांगितलं, "लांब व्हा." तो लांब झाला नाही. तिने पेटीच्या दोन्ही मुठी धरल्या, श्वास घेतला आणि उठली. चालत चालत सावलीच्या भिंतीशी गेली. मागे दादा, त्याच्यामागे मी, सगळ्यांत मागे काका. भिंतीलगतच्या ओट्यावर तिने पेटी टेकवली, सरळ झाली आणि कमरेवर हात ठेवून थांबली. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने घाई केली नाही. खरं काय ते आत चाचपून पाहिलं.

"नाही दुखत," ती म्हणाली.

दादा होता तिथेच मातीत बसला आणि रडायला लागला. मोठ्याने, नाक ओढत, लाज न बाळगता. मलाही आवरेना. काका टोपी काढून उगाच टेम्पोकडे बघायला लागले.

"अहो, उठा," वहिनी म्हणाली. "पेटी मी उचलली आणि धाप तुम्हाला?"

"जड होत्या त्या," दादा म्हणाला. "इतकी वर्षं. तू सांगितलं का नाहीस?"

वहिनी त्याच्या शेजारी बसायला लागली, मग पाठीची आठवण होऊन उभीच राहिली. "तुम्ही किती प्रेमाने केल्या होत्या. कशी सांगणार?" थोडं थांबून ती म्हणाली, "पण आता सांगते. ही मूठ बोटांना रुततेय. झाकण डावीकडे अडकतं. आणि हा ओटा दोन बोटं उंच हवा. ऐकताय ना?"

दादा ऐकत होता. डोळे पुसत पुसत उठला, मुठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "खरंच रुततेय गं. अजून सांग."